आषाढातले सत्तावन्न ओहम

आषाढ अर्धा सरला की माझं कामात लक्ष लागत नाही. पुण्यातल्या आमच्या ऑफिसच्या खिडक्या उघडत नाहीत. बाहेर पाऊस आहे की थांबलाय, ते काचेवरच्या ओघळांवरून ओळखायचं. तरी त्या सुमाराला मी खुर्चीवरून उठते, पाणी पिऊन येते, बसते, पुन्हा उठते. शेजारची मैत्रीण विचारते, काय हरवलंय का? काही हरवलेलं नसतं. अंगात वीस वर्षांपूर्वीचा एक आषाढ फिरत असतो, इतकंच. तो मी आचऱ्याला, आमच्या घरी काढला होता.

आषाढात आमच्या किनाऱ्यावर समुद्र बंद असतो. होड्या माडांपर्यंत वर ओढून झावळ्यांच्या झापांनी शाकारून ठेवलेल्या असतात. लाटांचा आवाज मात्र बंद होत नाही. तो घरात शिरतो, भांड्यांत शिरतो, बोलता बोलता आपण त्याच्यावर आवाज चढवतो आणि ते आपल्याला कळतही नाही. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चुलीवर टांगले की धुरकट वास घेऊन परत येतात. मिठाचा डबा पाझरतो. सकाळी पेज, सोबत सुक्या बांगड्याचा भाजलेला तुकडा. पुरुषमाणसं पडवीत जाळी दुरुस्त करत बसतात आणि मधूनच उठून आभाळ बघून येतात.

बाबा उठून बघायला जात नव्हते. त्या वर्षी त्यांनी पडवीतली खुर्चीसुद्धा आत ओढून घेतली होती.

माझे बाबा तांडेल. होडी त्यांची, हाताखाली चार खलाशी. हंगामाच्या अगदी शेवटच्या फेरीत, खाडीच्या तोंडाशी परतताना, त्यांचा उजवा हात एकाएकी लुळा पडला आणि सुकाणू सुटलं. होडी लाटेला आडवी झाली. नारू नावाचा खलाशी इंजिनवर आपटला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. उरलेल्या तिघांनी कशीबशी होडी आत आणली. बाबांना तसंच गोव्याला हॉस्पिटलात नेलं. अर्धांगाचा झटका, डॉक्टर म्हणाले. तीन आठवड्यांनी घरी आले तेव्हा पाय बराच सुधारला होता, बोलणं किंचित जड झालं होतं, आणि हात तसाच होता. कुणी भेटायला आलं की ते तो पंचाखाली झाकून घ्यायचे. नारू दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांनी झोपल्याचं सोंग घेतलं.

मी तेव्हा बंगळूरला चिप डिझाइनच्या एका छोट्या कंपनीत होते. आमचे प्रमुख राघवन सर. घरी राहून सहा आठवडे काम करू द्याल का, असं मी त्यांना विचारलं. असली मागणी त्या काळी कुणी करत नसे. त्यांनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी एक जाडजूड लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले की दर सोमवारी आकडे हवेत, चिपची तारीख कुणाच्या घरच्या कारणाने हलणार नाही. मी मान डोलावली. जमेल, मी म्हणाले. कसं जमेल याचा विचार केला नव्हता.

माझं काम सांगायला सोपं आहे. चिपच्या आत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात संदेश नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात, केसाहून कितीतरी बारीक. संदेश फार जलद असला की ती पट्टी साधी तार राहत नाही. लाट जावी तसा तो तिच्यातून जातो, आणि वाटेत पट्टीचा गुण बदलला तर त्याचा काही भाग उलटा फिरतो. उलटा फिरलेला भाग मागून येणाऱ्या संदेशात मिसळतो आणि चिप शून्याला एक वाचते. म्हणून पट्टीचा गुण, तिचा इम्पीडन्स, सगळीकडे सारखा ठेवायचा असतो. आमच्या चिपसाठी तो पन्नास ओहम ठरला होता. चिप बनवल्यानंतर पट्टी रुंद-अरुंद करता येत नाही. त्यामुळे आधीच कॉम्प्युटरवर पट्टीभोवतीचं विद्युतक्षेत्र सोडवून बघायचं. पट्टीभोवती एक काल्पनिक बॉक्स आखायचा, आतल्या जागेचे बारीक तुकडे पाडायचे, आणि प्रत्येक तुकड्यात क्षेत्र किती, कुठल्या दिशेला, ते कॉम्प्युटरने काढायचं. त्यातून शेवटी एक आकडा येतो. पंधरा जणांचं काम त्या आकड्यावर उभं राहतं.

पहिल्या आठवड्यात बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर पट्टीभोवती त्रिकोणांचं जाळं पसरलं होतं, पट्टीजवळ दाट, लांब जाईल तसं विरळ. ते बराच वेळ बघत राहिले.

“आस केवढो?” त्यांनी विचारलं. आस म्हणजे जाळ्याचा एक डोळा.

मी म्हटलं, “एका केसाच्या जाडयेत पन्नास बसतले.”

“मगे ह्यात गावता काय?”

“आकडो.”

ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूला ओढलं गेलं ते त्यांच्या लक्षात आलं आणि हसू मध्येच थांबलं. मग ते आत गेले, फिजिओथेरपीच्या बाईंनी दिलेला रबरी चेंडू घेऊन बसले, दोनदा दाबला, टाकून दिला. चेंडू पलंगाखाली गेला. मी तो काढून दिला. त्यांनी पुन्हा टाकला. आम्ही दोघं त्या घरात अशीच वावरत होतो, मी लॅपटॉपपासून खिडकीपर्यंत, ते पलंगापासून मागच्या दारापर्यंत, आणि मध्ये आये, दोघांना चहा देत, एकदा मी तरी स्वस्थ बसावं म्हणून विनवत.

वीज जायची. आषाढात ती जातेच. माड कुठेतरी तारांवर पडतो आणि मग वायरमन येईपर्यंत वाट बघायची. लॅपटॉपची बॅटरी दीड तास टिके. पट्टीच्या वळणाचा नीट, मोठ्या बॉक्सचा हिशोब करायला त्याला पाच तास लागत. मी सकाळी सुरू करायचे, दहाला वीज जायची, साडेअकराला पडदा काळा. पुन्हा पहिल्यापासून. सलग चार दिवस हेच झालं. सोमवार जवळ आला. ऑफिसातल्या कुणालातरी मोठ्या मशीनवर हिशोब लावायला सांगता आलं असतं. पण मग घरून काम जमत नाही हे मीच सिद्ध केल्यासारखं झालं असतं, आणि राघवन सरांनी परत बोलावलं असतं. बाबांना चेंडू कोण देणार?

म्हणून मी बॉक्स लहान केला.

बॉक्सच्या भिंती पट्टीजवळ ओढल्या की आतली जागा कमी, तुकडे कमी, हिशोब सव्वा तासात पुरा. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र त्या भिंती धातूच्या असतात. त्या फार जवळ आल्या तर क्षेत्र त्यांना चिकटतं आणि आकडा खोटा येतो, खऱ्यापेक्षा कमी. हे मला ठाऊक होतं. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीलाही ठाऊक असतं. बॉक्स हळूहळू मोठा करत जायचा आणि आकडा हलायचा थांबला की तो खरा धरायचा, हा पहिला नियम. मी तो पाळला नाही. आकडा आला पन्नास पॉइंट एक. इतका गोड आकडा, की मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघितलं नाही. सोमवारी टेलिफोनच्या तारेवरून, कुरकुरणाऱ्या मोडेममधून तो बंगळूरला पाठवला. सरांचं दोन शब्दांचं उत्तर आलं. त्याच आकड्यावर त्यांनी बाकीच्या पट्ट्या आखायला घेतल्या. शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी सगळा आराखडा तैवानच्या कारखान्यात जायचा होता.

मंगळवारी मी मोकळी होते. बुधवारी अंगणातल्या पन्हळीखालची बादली दर दहा मिनिटांनी रिकामी करत होते. गुरुवारी मी बॉक्स थोडा मोठा केला. उगीच, बघू तर, असं स्वतःला सांगून. बावन्न आले. शुक्रवारी आणखी मोठा केला, वीज दोन तास टिकली, त्रेपन्न पॉइंट सहा. शनिवारी दुपारी पंचावन्न. आकडा थांबत नव्हता.

त्या दुपारी फोन चालू होता. मला ते स्पष्ट आठवतं, कारण मी रिसीव्हर उचलून कानाला लावला होता आणि डायल टोन ऐकला होता. मग खाली ठेवला. अजून थांबलेला नाही आकडा, मी स्वतःला म्हणाले. पुरता कळल्याशिवाय काय सांगणार? एक शेवटचा हिशोब, मोठ्या बॉक्सचा, मग सांगू. आये त्याच संध्याकाळी मसुऱ्याला तिच्या आजारी बहिणीकडे गेली. रविवारी सकाळी साऱ्या वाडीतले फोन बंद पडले होते. वीजही गेली ती गेलीच.

रविवार आणि सोमवार मी कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. घरात फक्त बाबा आणि मी. मी पेज शिजवली, ती करपली. दुसऱ्यांदा शिजवली. मधूनच दारात जाऊन तारा बघायचे, जणू बघण्याने त्या जोडल्या जातील. बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. सोमवारी संध्याकाळी त्यांनी विचारलं की काय झालंय. मी सांगितलं. चुकीचा आकडा पाठवला, माहीत असून पाठवला, आणि आता मालवणला जाऊन मोठा हिशोब करून फोन करायला हवा. तुम्हाला एकट्याला ठेवून जाता येत नाही.

हॉस्पिटलातून आल्यापासून बाबांनी उंबरठा ओलांडला नव्हता. मालवणच्या डॉक्टरांची तारीख दोनदा चुकवली होती. एस.टी.त सगळे ओळखीचे असणार, हात सगळ्यांना दिसणार.

“सकाळची गाडी किती वाजता आसा?” त्यांनी विचारलं.

मंगळवारी आम्ही निघालो. लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून मी छातीशी धरला होता. कंडक्टरने बाबांना बघून तिकीट फाडायच्या आधी नमस्कार केला. कुणीतरी उठून जागा दिली. बाबा खिडकीशी बसले, हात पंचाखाली. कोळंबच्या पुलावर गाडी थांबली, खाली गढूळ पाणी माडांच्या मुळांपर्यंत चढलं होतं. त्यांनी मान पुढे काढून ते पाणी निरखलं आणि भरती कधीची ते स्वतःशीच पुटपुटले.

मालवणात बाजारपेठेत मेस्त्रींचा सायबर कॅफे होता. त्यांच्याकडे ट्रकच्या चार बॅटऱ्यांवर चालणारा इन्व्हर्टर होता. मेस्त्रींना मी माझी अडचण सांगितली. त्यांना त्यातलं काही कळलं नसावं, पण त्यांनी दोन कॉम्प्युटर बंद करून सगळी वीज माझ्या लॅपटॉपला दिली. सकाळी साडेनऊला मी मोठ्या बॉक्सचा हिशोब सुरू केला. पडद्यावर टक्के सरकत होते, दोन, तीन, तीनच. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. चार टक्क्यांना मी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

मी बाहेर गेले. रस्त्यावर पाऊस, छत्र्या, रिक्षा. ते दिसले नाहीत. पायाने पुरते सावरलेले नव्हते, कुठेतरी घसरले असतील, असं एकदम वाटलं. लॅपटॉप सोडून जावं की नाही, असा विचार मी केला. केला, हे मी लपवणार नाही. दारात उभी राहून मी एकदा पडद्याकडे आणि एकदा रस्त्याकडे बघितलं. मेस्त्री म्हणाले, जा गो तू, मी बघतंय. तेव्हा कुठे माझे पाय सुटले.

बाबा बंदरावर होते. ते तिथेच असणार हे मला आधी का सुचलं नाही, देव जाणे. एका शेडमध्ये तीन म्हातारे मच्छिमार जाळं पसरून बसले होते आणि बाबा त्यांच्यात. जाळं डाव्या हाताने ताणून धरलेलं, आणि विणायची लाकडी सुई उजव्या मुठीत. बोटं मिटत नव्हती, म्हणून त्यांनी सुई बोटांना दोऱ्याने बांधून घेतली होती. गाठ सुटत होती, ते पुन्हा मारत होते. पंचा शेजारी पडला होता.

“तुजा झाला?” त्यांनी विचारलं.

“नाय अजून.”

“मगे जा. मी हयसर आसंय.”

अडीच वाजता आकडा आला. त्याहूनही मोठा बॉक्स घेऊन शेवटचा पडताळा करण्याइतका वेळ नव्हता, पण भिंतींवरचं क्षेत्र आता जवळपास शून्य दिसत होतं. सत्तावन्न ओहम. पन्नासाच्या जागी सत्तावन्न.

मी बूथवर जाऊन राघवन सरांना फोन लावला. सगळं सांगितलं, बॉक्स लहान केल्याचंसुद्धा. वर मीटरचे लाल आकडे पळत होते. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, चूक आहे हे तुला कधी कळलं? मी म्हटलं, शनिवारी. ते म्हणाले, आज मंगळवार आहे. फोन बंद होता असं मी म्हणू शकले असते, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण डायल टोन माझ्या कानात होता. शनिवारी दुपारी फोन चालू होता, मी म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला.

पुढे झालं ते असं. आमचा शुक्रवार चुकला. पंधरा जणांनी अडीच आठवडे बसून पट्ट्या रुंद केल्या, त्यासाठी शेजारचे भाग सरकवले, सगळं पुन्हा तपासलं. कारखान्याची पुढची फेरी सहा आठवड्यांनी होती. मला कामावरून काढलं नाही. पण शेवटचा आकडा देणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव गेलं आणि दोन वर्षं परत आलं नाही. राघवन सर नंतर त्याबद्दल कधीही बोलले नाहीत. चिप हातात आली, मोजली, तेव्हा पट्टी पन्नासाच्या अगदी जवळ भरली. त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. मीही खाल्ला.

पण त्या मंगळवारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चारची गाडी पकडली. बाबांना डॉक्टरांकडे नेलं होतं. हात थोडा सुधारेल, पुरता नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. गाडी अर्धी रिकामी होती. काचा वर-खाली आदळत होत्या.

“साहेबाक सांगलंस?” बाबांनी विचारलं.

“सांगलंय.”

“सगळा?”

“सगळा.”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. गाडी हडीच्या उतारावर आली तेव्हा त्यांनी बोलायला सुरुवात केली, माझ्याकडे न बघता, इतक्या हळू की लाटांची सवय असलेल्या माणसाचा तो आवाज वाटेना.

“दोन दिस आदी हात बधिर झालेलो. बोटांक दोरी लागत नाय होती. मी कोणाक सांगलंय नाय. शेवटची फेरी होती, म्हटलंय एकदा जावन येवया.”

दोन महिने सगळं गाव म्हणत होतं की अचानक झालं. आये देवाला दोष देत होती. गोव्याच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की आधी काही जाणवलं होतं का, आणि बाबांनी मान हलवली होती, नाही म्हणून. मी बंगळूरहून येऊन तिथेच उभी होते.

“नारूचो खांदो माझ्यामुळा मोडलो,” ते म्हणाले.

बुधवारी सकाळी त्यांनी स्वतःच छत्री घेतली. डाव्या हातात. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. पंचा खुंटीलाच राहिला. चारही खलाशांची घरं आमच्याच वाडीत, पायवाटेने एकामागून एक. मी पडवीत उभी राहून बघत होते. पहिल्या घरात ते फार वेळ थांबले नाहीत. दुसऱ्या घरातून चहा घेऊन बाहेर पडले, ते दारात आलेल्या बाईच्या हातातल्या कपावरून कळलं. तिसऱ्या घरातला माणूस त्यांना वाटेपर्यंत सोडायला आला नाही. मग ते वळले आणि दिसेनासे झाले. नारूचं घर खाडीच्या कडेला, सगळ्यात शेवटी.

मधल्या वेळात मसुऱ्याची गाडी आली आणि आये घरी पोचली. बाबा कुठे गेले, तिने विचारलं. मी म्हटलं, नारूकडे. तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मग ती चूल पेटवायला गेली.

बाबा परतले तेव्हा एक वाजून गेला होता. छत्री असूनही डावा खांदा भिजला होता, उजवा कोरडा होता. पायरीवर पाय धूत असताना मी विचारलं की नारू काय म्हणाला. त्यांनी पाय धुऊन संपवले. तांब्या पालथा ठेवला.

नारूने सगळं ऐकून घेतलं होतं. त्याचा खांदा अजून पट्ट्यात होता. बाबांचं सांगून झाल्यावर तो म्हणाला, “काकानू, माका दिसला होता. आदल्या दिसा तुमी दोरी डाव्या हातान बांधलात. मी पण काय बोलाक नाय.”

एवढं सांगून बाबा पायरीवरच बसले. आतून आयेने फुंकणीने चूल फुंकल्याचा आवाज येत होता.

“तुझ्या आवशीक तू सांग गो,” ते म्हणाले. “माका आतां जमाचा नाय.”

मी आत गेले. आये पाठमोरी होती, डोळ्यांत धूर गेला होता. तिच्या शेजारी पाट ओढून मी बसले आणि तिने वळून माझ्याकडे बघेपर्यंत थांबले. मग सांगायला लागले, त्या शेवटच्या फेरीच्या दोन दिवस आधीपासून.